जॉर्ज, युरी, वर्गीस : एकाच शेतकऱ्याची नावं

विचारणा अशी आहे : 'जॉर्ज या नावाचा अर्थ काय? युरी आणि होर्हे ही त्याचीच रूपं आहेत असं ऐकलं, ते खरं का? आणि पोप फ्रान्सिस यांचं मूळ नाव मराठीत कुठे जॉर्ज, कुठे होर्हे असं दिसतं, त्यातलं बरोबर कोणतं?'

खरं आहे, युरी गागारिन हा जॉर्जच. लिव्हरपूलच्या फुटबॉल संघाला जिंकायला शिकवणारा जर्मन प्रशिक्षक युर्गन क्लॉपही जॉर्ज. इतकंच काय, सकाळी आपण जी दुधाची पिशवी फोडतो तिच्यामागे उभे असलेले अमूलचे वर्गीस कुरियन, तेही जॉर्ज.

आधी अर्थाचं बघू, कारण तो सोपा आहे. ग्रीकमध्ये 'गे' म्हणजे भूमी आणि 'एर्गॉन' म्हणजे काम. दोन्ही मिळून 'गेऑर्गॉस' : जमिनीत राबणारा. आपल्या भाषेत शेतकरी, कुणबी, कृषीवल, जो आवडेल तो घ्या. यातला 'गे' आपण शाळेपासून ओळखतो. जिऑग्राफी आणि जिऑमेट्री यांच्या तोंडाशी तोच बसलेला आहे. 'एर्गॉन' एनर्जीत आहे आणि, पटकन दिसत नाही, पण सर्जनमध्येही आहे. ग्रीक 'खेइर' म्हणजे हात. हाताने काम करणारा वैद्य तो सर्जन. संस्कृतातल्या 'सर्जना'शी त्याचा काडीचा संबंध नाही, तरी नव्या इस्पितळाच्या उद्घाटनात कोणी ना कोणी वक्ता ती कोटी करतोच. इंग्रजी 'वर्क' हा शब्दही या एर्गॉनचा सख्खा भाऊ. फारसीत याच कुळातला 'वर्ज़िश' आहे, म्हणजे व्यायाम, आणि फारसीत शेतकऱ्याला म्हणतात 'कशावर्ज़'. त्यातला 'वर्ज़' तोच. म्हणजे ग्रीस आणि इराण, दोघांनीही शेतकऱ्याला नाव ठेवताना एकच जुना धातू हाताशी घेतला.

'गेऑर्गॉस' हा ग्रीकमध्ये रोजच्या वापरातला साधा शब्द होता. योहानाच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि पित्याला 'गेऑर्गॉस' म्हणतो. मराठी बायबलात तिथे 'माळी' असा शब्द आहे. मला हे भाषांतर फार आवडतं. द्राक्षवेलीची काळजी घेणाऱ्याला 'शेतकरी' म्हटलं असतं तर अर्थ बरोबर आला असता, पण कात्री हातात दिसली नसती.

या साध्या शब्दावरून 'गेऑर्गिओस' हे विशेषनाम झालं. ते जगभर गेलं एका संतामुळे. परंपरा सांगते की हा रोमन सैन्यातला शिपाई. सम्राट डायोक्लेशनच्या छळात, इ.स. ३०३च्या सुमारास, त्याला मारण्यात आलं. त्याची कबर आजच्या इस्राएलमधल्या लोद गावी दाखवतात. घोडा, भाला आणि ड्रॅगन ही मंडळी त्याच्या गोष्टीत कितीतरी शतकांनी आली. पण लोकांना लक्षात राहिला तो ड्रॅगनच.

आता खरी मजा. एकाच नावाचे ज, य, झ, ह आणि ग असे पाच आवाज कसे झाले?

हे मराठी माणसाला समजावणं अवघड नाही, कारण आपल्या घरातच दाखले पडले आहेत. 'भोग' आणि 'भोजन' एकाच धातूचे. 'योग' आणि 'योजना', 'राग' आणि 'रंजन', 'त्याग' आणि 'त्यजणे' तसेच. एकात ग, दुसऱ्यात ज. ग म्हणताना जीभ मागे टाळूला लागते. पण पुढे इ किंवा ए येणार असेल तर ती आधीच पुढे सरकते आणि ग घसरून ज होतो. ('भोजन'मध्ये आता ज नंतर अ आहे, पण संस्कृताच्याही आधीच्या अवस्थेत तो ए होता, असं भाषाशास्त्र सांगतं.) 'गेऑर्गिओस' म्हणून बघा : पहिल्या ग पुढे ए, दुसऱ्या ग पुढे इ. घसरायला दोन्हीकडे निसरडं.

लॅटिनमध्ये सुरुवातीला हा ग कडक होता. पुढे इटलीत तो ज झाला, 'जॉर्जो'. फ्रान्समध्ये आणखी मऊ होऊन झ झाला, आपल्या 'झाड'मधला नव्हे, इंग्रजी 'प्लेझर'मधला. देवनागरीत त्याला स्वतःचं अक्षर नाही. फ्रेंचांकडून इंग्रजांनी नाव घेतलं ते 'जॉर्ज'. पोर्तुगीजमध्ये तोच प्लेझरवाला झ दोन्हीकडे : 'झॉर्झ'. स्पॅनिशमध्येही एके काळी उच्चार याच्या जवळचा होता. सोळाव्या-सतराव्या शतकात स्पॅनिशचा हा आवाज जिभेवरून निघून घशात गेला, म्हणून आज 'होर्हे'. लिहिताना पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोघे अक्षरं तीच लिहितात, त्यामुळे कागदावर जुळे भाऊ आणि कानावर परके.

कातालोनियात तो 'जोर्दी' आहे आणि तिथला संरक्षक संत आहे. २३ एप्रिलला त्याच्या सणाला बार्सिलोनात रस्तोरस्ती गुलाब आणि पुस्तकं विकायला मांडतात. युनेस्कोने जागतिक पुस्तक दिनासाठी तीच तारीख घेतली.

दुसरी वाट ग्रीकमधूनच निघाली. ग्रीकांच्या तोंडी ए-इ पुढचा ग हळूहळू य झाला. आजचा ग्रीक माणूस 'योर्गोस' म्हणतो. ज आणि य यांचं सोयरेपण आपल्याला नवं नाही : यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, यवाचे जव झाले. फक्त आपली गाडी य कडून ज कडे गेली. पूर्व युरोपने नाव ग्रीकांकडून घेतलं ते य सकट. त्यातून जुन्या रशियनमध्ये 'ग्युर्गी' आणि त्यातून 'युरी'. पोलिशमध्ये 'येझी', चेकमध्ये 'यिर्झी'. जर्मनांनी पुस्तकी 'गेऑर्ग' कडक ग सकट ठेवला, पण बोलीत 'यॉर्ग' आणि 'युर्गन' झाले. स्वीडिश लोक अजून गमतीचे : लिहितात ग आणि म्हणतात 'योरान'. फिनलंडमध्ये त्याचं 'युर्यो'सारखं काहीतरी झालं आणि तिथल्या बोलभाषेत त्याच शब्दाचा अर्थ ओकारी. त्या नावाच्या मुलांनी शाळेत काय सोसलं असेल ते सोसलं असेल.

रशियनांनी तर एकाच नावाची तीन करून ठेवली. 'गिओर्गी' हे चर्चच्या पोथीतलं, 'येगोर' खेड्यातलं, 'युरी' राजपुत्रांचं. आपल्याकडे कृष्ण, किसन आणि कान्हा आहेत, तसंच. किसनरावांना कोणी 'तुमचं नाव कृष्णच ना?' असं विचारत नाही. तीन वेगळी माणसं, तीन वेगळी नावं. मॉस्कोचा पहिला उल्लेख ११४७चा, आणि तो ज्याच्या संदर्भात येतो तो राजपुत्रही युरीच, युरी दोल्गोरुकी. शहराच्या राजचिन्हावर ड्रॅगनला भाला मारणारा घोडेस्वार आहे.

गागारिनकडे परत यायला हवं. त्याचे आईवडील सामूहिक शेतीवर कामाला होते, वडील सुतारकी करायचे, आई गाईंचं बघायची. १२ एप्रिल १९६१ला तो पृथ्वीला फेरी मारून सारातोवजवळ पॅराशूटने उतरला तो थेट शेतात, आणि नारिंगी पोशाखातला हा प्राणी सर्वांत आधी पाहिला शेतात काम करणाऱ्या एका बाईने आणि तिच्या नातीने. 'शेतकरी' नावाचा माणूस आभाळातून शेतातच पडला. गोष्ट रचून सांगितली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता.

आपल्याकडे जॉर्ज आला तो मुकुट घालून. आजीच्या पितळी डब्यात एक रुपया होता, १९४७चा. एका बाजूला वाघ आणि दुसऱ्या बाजूला सहावा जॉर्ज. लहानपणी मला वाघाची बाजू आवडायची. नावाचा अर्थ कळल्यावर मी ते नाणं उलटं धरून बराच वेळ पाहिलं. मुकुट घातलेला शेतकरी! (या सहाव्या जॉर्जला घरात सगळे बर्टी म्हणायचे, कारण त्याचं पहिलं नाव आल्बर्ट. गादीवर बसताना त्याने जॉर्ज घेतलं.) संत जॉर्ज इंग्लंडचा संरक्षक मानला जाऊ लागला चौदाव्या शतकात, तरी इंग्रज आईबाप पोरांना हे नाव फारसं ठेवत नव्हते. ते खरं फोफावलं १७१४ नंतर, हानोफरहून पहिला जॉर्ज येऊन गादीवर बसला तेव्हा. संताला जे जमलं नाही ते जर्मन राजाने केलं. त्याच्या पणतूला, तिसऱ्या जॉर्जला, शेतीचं भारी वेड. टोपणनावाने शेतीच्या मासिकात लेखही लिहायचा. लोक त्याला 'शेतकरी जॉर्ज' म्हणून चिडवायचे. म्हणजे अर्थाच्या हिशेबाने 'शेतकरी शेतकरी'. पेशवाई बुडाली तेव्हा लंडनच्या गादीवर हाच होता.

मुंबईत गेटवे ऑफ इंडिया उभा आहे तो पंचम जॉर्जच्या १९११च्या आगमनाची आठवण म्हणून. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजा शिवाजी विद्यालयाला जुने विद्यार्थी अजून 'किंग जॉर्ज'च म्हणतात. पण मुंबईत नुसतं 'जॉर्ज' म्हटलं की एका पिढीला राजा आठवत नाही, जॉर्ज फर्नांडिस आठवतात. जन्म मंगळूरचा, ३ जून १९३०. पंचम जॉर्जचा वाढदिवसही ३ जून. आईला त्या राजाचं कौतुक, म्हणून मुलाचं नाव जॉर्ज. मुलगा मुंबईत येऊन टॅक्सीवाल्यांचा आणि पालिका कामगारांचा पुढारी झाला, १९६७मध्ये स. का. पाटलांना पाडलं, आणि मराठी वर्तमानपत्रांनी त्याला पदवी दिली ती 'बंदसम्राट'. सम्राटाचं नाव शेवटी असं फळाला आलं.

भारतातला सर्वांत जुना जॉर्ज मात्र इंग्रजांचा नाही, पोर्तुगीजांचाही नाही. तो केरळचा. तिथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांची परंपरागत पूजाभाषा सिरियाक, म्हणजे पश्चिम आशियातली एक जुनी सेमिटिक (अरबी-हिब्रूच्या कुळातली) भाषा, आणि सिरियाकमध्ये या नावाचं रूप 'गीवर्गीस'. मल्याळममध्ये ते जसंच्या तसं आलं आणि वापरात पुढचं अक्षर गळून 'वर्गीस' उरलं. संताला तिथे 'गीवर्गीस सहदा' म्हणतात. त्यातला 'सहदा' आणि आपल्याला माहीत असलेला 'शहीद' हे एकाच सेमिटिक धातूचे. उच्चाराकडे नीट लक्ष द्या : ग कडक आहे, 'गेऑर्गिओस'मध्ये होता तसा. खुद्द ग्रीसमध्ये जो ग विरघळून य झाला, तो कोट्टायमच्या घराघरांत शाबूत आहे.

माझ्यासोबत काम करणारा एक मल्याळी मित्र चर्चच्या वहीत गीवर्गीस, शाळेच्या दाखल्यावर जॉर्ज आणि घरी तिसरंच काहीतरी आहे. बँकेत नाव जुळवताना त्याची तारांबळ उडते. त्याला अर्थ सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मग बरोबर आहे, गावी अडीच एकर रबर आहे." आणि डॉ. कुरियन? १९४९मध्ये आणंदला आले ते इंजिनियर म्हणून, सरकारी नोकरीची मुदत संपेपर्यंत कसेबसे दिवस काढायला, आणि राहिले ते जन्मभर शेतकऱ्यांचे होऊन.

एक सापळा सांगून ठेवतो. जॉर्जिया नावाचा देश जॉर्जवरून आलेला नाही. फारसीत त्या लोकांना 'गुर्ज' म्हणत, त्यावरून युरोपियनांनी ते नाव केलं आणि वर संत जॉर्जची गोष्ट चिकटवली. तिथले लोक आपल्या देशाला 'साकार्तवेलो' म्हणतात. मुलांची नावं मात्र हौसेने 'गिओर्गी' ठेवतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य तेवढं खरंच दुसऱ्या जॉर्जच्या नावाचं.

आता लिहायचं कसं? माझं मत सरळ आहे. संत, इंग्लंडचे राजे आणि मराठीत रुळलेली माणसं यांना 'जॉर्ज'च राहू द्या. बाकीच्यांना त्यांच्या आईने ज्या नावाने हाक मारली ते नाव. पोप फ्रान्सिस ब्युनोस आयर्सचे, भाषा स्पॅनिश, म्हणून 'होर्हे मारिओ बर्गोग्लिओ'. 'जॉर्ज' छापणाऱ्यांनी इंग्रजी बातमीतली अक्षरं वाचली, माणूस वाचला नाही. क्लॉपला 'जर्गन' लिहिणं त्याच जातीचं. पण म्हणून दिसेल त्याला 'होर्हे' करत सुटू नका. १५४९-५०मध्ये गोव्याचा गव्हर्नर असलेल्या काब्रालला एका लेखात 'होर्हे काब्राल' केलेलं मी पाहिलं आहे. तो पोर्तुगीज होता. त्याला 'जोर्ज काब्राल' लिहा, आणि वाचताना जमला तर प्लेझरवाला झ काढा.