कुत्र्या-मांजराला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं आणि हातात पैसे नसले, तर काय करावं?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. सहा वर्षांच्या कुत्रीला रात्री न्यावं लागलं, गर्भाशयात पू झाला होता, ऑपरेशनसकट 25 हजारांच्या आसपास बिल झालं, ते मित्रांकडून उसने घेऊन भरलं. पगार 22 हजार. कुत्री बरी आहे, पण पुन्हा असं काही उद्भवलं तर पैसे आणायचे कुठून? वर ‘झेपत नाही तर पाळता कशाला’ असं शेजारच्यांनी ऐकवलं ते वेगळंच.

मी नाशिकच्या सिडकोत नवऱ्याबरोबर मेडिकल चालवते. घरात एक गावठी कुत्रा आणि दोन मांजरं आहेत. त्यामुळे ही बिलं भरलीही आहेत आणि इतरांच्या चिठ्ठ्यांवरची औषधं काढूनही दिली आहेत.

आधी एक चांगली गोष्ट. तुमच्या कुत्रीला झालं त्याला पायोमेट्रा म्हणतात. नसबंदी न केलेल्या मादीला, बहुतेक वेळा माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत होतो. गर्भाशयच काढलं म्हटल्यावर हा खर्च पुन्हा यायची भीती जवळपास संपली. आणि 25 हजार हा आकडा ऐकून लूट वाटली असेल, तर थोडं सांगते. त्यात रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, भूल, सलाईन, अँटिबायोटिक, रात्री थांबलेला माणूस हे सगळं असतं. माणसांना निदान सिव्हिल हॉस्पिटल आहे, मेडिक्लेम आहे, सरकारी योजनेचं कार्ड आहे. कुत्र्यामांजरांच्या मागे यातलं जवळजवळ काहीच उभं नसतं, म्हणून पूर्ण आकडा थेट आपल्या खिशावर येतो. महागडे आणि उगाच तपासण्या लिहिणारे डॉक्टरही असतात, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा बिल वाढतं ते आपण पैशाबद्दल तोंड उघडत नाही म्हणून.

माझं मुख्य सांगणं तेच आहे. लाज सोडा आणि पहिल्या दहा मिनिटांत डॉक्टरांशी पैशाचं बोला. आपल्याकडे लोकांना वाटतं की पैशाचं विचारलं तर डॉक्टर म्हणतील, हिला जनावराची किंमत नाही. मग ‘जे लागेल ते करा डॉक्टर’ असं म्हणून बसतात आणि बिल हातात आलं की रडतात. त्याऐवजी सरळ म्हणायचं: ‘आज माझ्याकडे आठ हजार आहेत, उद्यापर्यंत आणखी पाच होतील. आज रात्री काय केल्याशिवाय चालणारच नाही, आणि काय उद्यावर टाकता येईल?’ या वाक्याने डॉक्टरांची विचार करायची पद्धतच बदलते. ते मग पुस्तकातले सगळे उपचार न लिहिता तुमच्या पैशांत बसणारे सर्वात चांगले उपचार शोधतात. अंदाज कागदावर मागा, ॲडमिट असेल तर रोजचं बिल रोज मागा, आणि कोणत्या तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे हेही विचारा. निकाल काहीही आला तरी औषध तेच द्यायचं असेल, तर ती तपासणी थांबवता येते.

टिक फीवरचं, म्हणजे गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचं, उदाहरण घ्या. पावसाळ्यात गोचिडं वाढली की आमच्या काउंटरवर त्याच्या चिठ्ठ्या वाढतात. नेमका कोणता जंतू आहे हे शोधायच्या मोठ्या तपासण्या महाग असतात. पण साध्या सीबीसीत (रक्तपेशी मोजायच्या तपासणीत) प्लेटलेट कमी दिसल्या, अंगावर गोचिडं आहेत, ताप आहे, तर बरेच डॉक्टर डॉक्सिसायक्लिन सुरू करून प्रतिसाद बघतात. हे औषध स्वस्त आहे. साधारण चार आठवडे द्यावं लागतं आणि लोक आठवड्यात कुत्रा खायला लागला की बंद करतात. मग तोच ताप उलटतो आणि दुसरं बिल पहिल्यापेक्षा मोठं येतं. बबेसिया हा गोचिडांतून येणारा दुसरा जंतू निघाला तर औषध वेगळं लागतं, म्हणून हा निर्णय डॉक्टरांचाच. तुम्ही फक्त ‘स्वस्तातला मार्ग आहे का’ हे विचारायचं.

पार्वोचंही, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या विषाणूच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांचंही, तसंच. पिल्लाला रक्ताचे जुलाब लागले की ॲडमिट करणं उत्तम, यात वाद नाही. पण अमेरिकेतल्या कोलोराडो स्टेट विद्यापीठात पार्वोच्या 40 पिल्लांवर एक अभ्यास झाला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. आधी दवाखान्यात सलाईन देऊन सावरल्यानंतर निम्म्या पिल्लांना ॲडमिट ठेवलं आणि उरलेल्यांवर ॲडमिट न करता, कातडीखाली सलाईन, उलटीचं इंजेक्शन आणि लांब टिकणारं अँटिबायोटिक असे ठरावीक उपचार केले. ॲडमिट केलेल्यांपैकी 90 टक्के वाचली, दुसऱ्या गटातली 80 टक्के. अभ्यास लहान आहे आणि त्यातली देखरेख आपल्या स्वयंपाकघरातल्या देखरेखीपेक्षा कडक होती. तरी ज्याच्याकडे ॲडमिटचे पैसे नाहीत त्याच्यापुढे ‘काहीच करायचं नाही’ एवढाच मार्ग उरत नाही. रोज दवाखान्यात आणून सलाईन लावता येईल का, हे विचारायची सोय आहे.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. कुत्र्यामांजरांना लिहिली जाणारी पुष्कळ औषधं माणसांचीच असतात: डॉक्सिसायक्लिन, पॅन्टोप्राझोल, ऑन्डॅन्सेट्रॉन, मेट्रोनिडाझोल, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. डॉक्टरांना ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून द्यायला सांगा आणि ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. (हे लिहून मी स्वतःच्याच गल्ल्यावर पाय देते आहे, असू दे.) लांब चालणाऱ्या औषधांत फरक चांगलाच पडतो. मात्र डोस वजनावर असतो, तो मनाने ठरवायचा नाही. आणि घरातलं दुखण्याचं औषध तर अजिबात द्यायचं नाही. मांजराला पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. कुत्र्याला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं तर पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. दहा रुपयांत भागवायला जाऊन हजारोंचं बिल ओढवून घेतलेली माणसं आमच्याकडे येतात, आणि तेव्हा काय बोलावं कळत नाही.

नाशिककरांसाठी आणखी एक खास सांगते, कारण इथे जानेवारी ते एप्रिल घरोघरी द्राक्षांच्या पेट्या असतात आणि वर्षभर बेदाणे. द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. किती खाल्ल्यावर त्रास होईल हे कुत्र्यागणिक वेगळं असतं, त्यामुळे ‘चारच तर खाल्ली’ हा हिशेब चालत नाही. खाल्ल्याचं कळताच तास-दोन तासांत डॉक्टरांकडे नेलं तर उलटी करवून बऱ्याचदा थोडक्यात भागतं. दोन-तीन दिवसांनी लघवी कमी झाल्यावर नेलं तर रोजचं सलाईन, रोजची रक्ततपासणी आणि पुढची खात्री नाही. घरी मीठपाणी पाजून उलटी करवू नका, त्याने वेगळंच विष होतं.

नाशिकमध्ये रात्रीची अडचण खरी आहे. दिवसा कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड सगळीकडे दवाखाने आहेत, पण मध्यरात्री कोण फोन उचलतं हे दिवसाच विचारून ठेवायचं असतं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा: रात्री तुम्ही येता का, नाही तर कोणाकडे पाठवता, रात्रीची फी किती? अशोक स्तंभाजवळचा सरकारी जनावरांचा दवाखानाही ध्यानात ठेवा. तिथे कुत्रीमांजरंही बघतात आणि शुल्क नाममात्र असतं. दिवसाची वेळ असेल आणि जीव लगेच धोक्यात नसेल तर लसी, जखमा, साधी तपासणी यांसाठी तिथे जायला कमीपणा वाटायचं कारण नाही. 1962 हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री नंबर आहे, पण ती फिरती पथकं मुख्यतः शेतकऱ्यांच्या गाईगुरांसाठी आहेत. फ्लॅटमधल्या मांजरासाठी त्यावर विसंबू नका.

मुंबईला न्यायचा विचार येतोच. परळचं बैलघोडा हॉस्पिटल जुनं आणि सगळ्यांना माहीत असलेलं, आणि 2024 पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं आहे. पण कसारा घाट उतरून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास जायचं, गाडीभाडं द्यायचं, आणि वाटेत जनावर ढासळलं तर? आधी इथे सलाईन लावून स्थिर करा, तिकडे फोन करून जागा आहे का विचारा, मगच निघा.

रात्री कशासाठी धावायचं आणि काय सकाळपर्यंत थांबू शकतं, हे कळलं तरी पैसे वाचतात. बोका वारंवार लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, मोठ्या कुत्र्याचं पोट फुगून ढोलासारखं झालंय आणि नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येताहेत, श्वास लागलाय, झटके थांबत नाहीत, साप किंवा उंदराचं औषध असा संशय आहे: यात सकाळची वाट बघायची नाही. लघवी अडलेला बोका दोन दिवसांत जाऊ शकतो. उलट एखादी उलटी झाली पण पाणी पितोय, खेळतोय, किंवा लंगडतोय पण पाय टेकतोय, तर डॉक्टरांना फोन करून सकाळी नेलं तरी बहुतेक वेळा चालतं.

पैसे उभे करण्याबद्दल. महिन्याला पाचशे-हजार वेगळे टाका, पण साध्या बचत खात्यात. पोस्टाची आरडी 100 रुपयांपासून सुरू होते म्हणून लोक तिकडे वळतात, पण ती 5 वर्षांची असते आणि 3 वर्षं व्हायच्या आत मोडता येत नाही. रात्री दोन वाजता तिचा काय उपयोग? मोठी रक्कम लागली तर घरातलं सोनं तारण ठेवणं मला पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपपेक्षा शंभरदा बरं वाटतं. त्या ॲपच्या नादी लागूच नका. ओळखीच्या डॉक्टरांना दोन-तीन हप्ते मागून बघा. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर बरेचजण ऐकतात, अनोळखी माणसाला अर्थातच नाही म्हणतात. म्हणून एकच डॉक्टर धरून राहण्यात फायदा आहे. मिलाप, केटोसारख्या लोकांकडून पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर मदत मागता येते, पण तिथे पैसे यायला वेळ लागतो आणि तेही आधी आपल्याच ओळखीतून येतात. सोसायटीच्या ग्रुपवर बिलाचा फोटो आणि दवाखान्याचा क्यूआर कोड टाकलात तर त्याच रात्री काहीतरी जमतं. पैसे थेट दवाखान्यात जात असले की लोक मोकळ्या हाताने देतात.

कुत्रे पाळणारी माणसं ओळखीची ठेवायचं आणखी एक कारण म्हणजे रक्त. टिक फीवरमध्ये हिमोग्लोबिन फार उतरलं की रक्त द्यावं लागतं, आणि ते दुसऱ्या निरोगी कुत्र्याचंच. पंचवीस किलोच्या वरचा, लसी झालेला, गोचिडं नसलेला शेजारचा लॅब्रेडॉर अशा वेळी पैशांपेक्षा मोलाचा ठरतो.

विम्याबद्दल थोडक्यात: पॉलिसी मिळतात, पण काहींत मुख्यतः मृत्यूचीच भरपाई असते, उपचारांची नाही. ज्यांत ऑपरेशन आणि ॲडमिटचा खर्च असतो त्यांत वयाची अट, सुरुवातीचा थांबायचा काळ आणि जुने आजार वगळण्याची अट असते. सहा वर्षांच्या कुत्रीसाठी आधी वयाची अट वाचा, मग पुढचं. पिल्लू आणणाऱ्याने मात्र जरूर बघावं. लसी चुकवू नका, रेबीजची लस 6 जुलै (प्राण्यांपासून माणसांना होणाऱ्या आजारांचा दिवस) किंवा 28 सप्टेंबरच्या (रेबीज दिनाच्या) सुमारास सरकारी शिबिरांत बऱ्याचदा फुकट मिळते.

एक अवघड बोलणं राहिलं. कधीकधी पैसे टाकूनही जनावर वाचणार नसतं. तेव्हा डॉक्टरांना विचारायचं, ‘हा तुमचा असता तर तुम्ही काय केलं असतं?’ मी विचारलेलं आहे, आणि एका मांजराच्या वेळी उत्तर दयामरणाचं आलं. आम्ही ते ऐकलं. कर्ज काढून आठवडाभर सुया टोचत ठेवणं म्हणजेच प्रेम, असं मला वाटत नाही, आणि कोणी तसं सुनावलं तर ऐकून घेऊ नका. शेजारच्यांचं म्हणाल तर, 22 हजार पगारात तुम्ही 25 हजार उभे करून कुत्री वाचवली. ‘झेपत नाही’ हे तुम्हाला लागू होत नाही, त्यांच्याशी वाद घालत बसू नका.

आता या आठवड्यात एक काम करा. त्या दवाखान्यातून रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, ऑपरेशनचा कागद आणि भुलीला कोणती औषधं दिली त्याची नोंद मागून घ्या. सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये एका ठिकाणी ठेवा, सोबत कुत्रीचं आजचं वजनही लिहा. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर तिचा आधीचा इतिहास त्यांना लगेच कळेल, आणि तिला भूल कशी मानवली हे शोधायला पुन्हा सुरुवातीपासून पैसे घालावे लागणार नाहीत.