अमेरिका थांबेल, ८ तारीख थांबणार नाही

सिडको, नाशिक इथून एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते थोडं कापून देतो.

"मी ५६ वर्षांचा. अंबडच्या एका कारखान्यातून व्हीआरएस घेतली, दोन महिन्यांपूर्वी सगळं मिळून ३१ लाख खात्यात आले. ४ लाख घराच्या डागडुजीत गेले, ४ लाख बँकेतल्या साहेबांनी एफडीसारख्याच गॅरंटीच्या स्कीममध्ये टाकून दिले, ३ लाखांची एफडी केली, २० लाख बचत खात्यात आहेत. घरखर्च महिना ३० हजार. मुलगी २४ वर्षांची, डी.फार्म झाली, रजिस्ट्रेशनही आहे. गोळे कॉलनीत एका दुकानात १३ हजारांवर कामाला जाते. कॉलेज रोडचे एक क्लासवाले अमेरिकेच्या फार्मसी टेक्निशियन परीक्षेची तयारी, फॉर्म आणि व्हिसा मार्गदर्शन मिळून १ लाख ९० हजार सांगतात. तिथे महिना तीन लाख पगार आहे म्हणे. शिवाय हल्ली अमेरिकेची स्थळंही येतात. एफडी मोडू की पत्नीच्या पाटल्यांवर गोल्ड लोन काढू? ता. क. स्कीमचे कागद ९ तारखेला घरी आले, फोटो जोडले आहेत. ठीक आहे ना, सहज बघा."

एफडी मोडू नका आणि पाटल्या कपाटातच राहू द्या. कारणं शेवटी सांगतो, कारण मला आधी त्या 'सहज बघा'बद्दल बोलायचं आहे. तुमचं पत्र २६ तारखेचं आहे. ते हातात पडलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन करून काय करायचं ते सांगितलं. इथे ते पुन्हा लिहितो, कारण असे कागद नाशिकमध्ये आणखी कितीतरी घरांत टीव्हीखालच्या खणात पडून असतील.

तुम्ही घेतलीत ती एफडी नाही, विमा पॉलिसी आहे. दुसऱ्या फोटोत खालून चौथी ओळ वाचा: हप्ता वार्षिक, ४,००,०००. हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे. पॉलिसीची मुदत १५ वर्षे. तुम्ही समजताय की चार लाख एकदा ठेवले आणि विषय संपला. कागद म्हणतो की दर वर्षी चार, असे दहा वेळा. म्हणजे चाळीस लाख. तुमच्याकडे आज हे चार धरूनही सत्तावीसच आहेत, आणि पगार बंद झाला आहे.

साहेबांनी पेनाने गोल केलेला ६६ लाखांचा आकडा पंधराव्या वर्षाचा आहे आणि दहाच्या दहा हप्ते भरले तरच मिळणारा आहे. तेव्हा तुम्ही ७१ वर्षांचे असाल. चाळीस भरून सहासष्ट ऐकायला गोड वाटतं, पण परतावा काढला तर वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास बसतो. महागाई सहा टक्के धरली तर त्या सहासष्टांची किंमत आजच्या सत्तावीस-अठ्ठावीस लाखांएवढी. दहा वर्षं पोटाला चिमटा काढून तुम्ही आज आहे तिथेच येऊन उभे राहणार. आणि पुढच्या वर्षी हप्ता जमला नाही म्हणून सोडून दिलीत, तर हाती येईल ते चार लाखांपेक्षा बरंच कमी असेल.

खरा राग मला तिसऱ्या फोटोने आणला. पॉलिसीसोबत तुमच्या अर्जाची प्रत जोडलेली आहे. त्यात तुमचा धंदा 'स्वयंरोजगार' आणि वार्षिक उत्पन्न '१२ लाख' लिहिलं आहे. हे तुम्ही सांगितलेलं नाही, मला फोनवर तसं म्हणालात. उत्पन्न शून्य लिहिलं असतं तर चार लाखांचा हप्ता मंजूर झाला नसता, म्हणून कुणीतरी टॅबवर बारा लाख टाकले, तुमच्याकडून ओटीपी घेतला आणि "कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा" असं सांगितलं. तुम्ही हो म्हणालात. तीस वर्षं त्याच शाखेत पगार जमा होत होता, साहेब चहा पाजतात, मग संशय कसा यायचा? त्या शाखेला मार्चचं टार्गेट असतं आणि व्हीआरएसची रक्कम जमा झाल्याचं तुमच्याआधी त्यांना कळतं.

आता तारखा. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती कारण लिहून रद्द करता येते. त्याला फ्री-लुक म्हणतात आणि २०२४ पासून सगळ्या आयुर्विमा पॉलिसींना हीच ३० दिवसांची मुदत आहे. तुमचा कागद ९ तारखेला आला, म्हणजे पुढच्या महिन्याची ८ तारीख. मी तुमच्या जागी असतो तर २८ लाच गेलो असतो. जेवढे दिवस विमा चालू होता तेवढ्यांचा जोखमीचा खर्च, स्टॅम्प ड्युटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी सगळे परत मिळतात. चार लाखांतून काही हजार जातील. ती या प्रकरणाची फी समजा.

अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्यायचा, बँकेत नाही. बँकेत दिलात तर "साहेब रजेवर आहेत" इथून सुरुवात होईल आणि ८ तारीख उलटून जाईल. साधं पत्र लिहा: पॉलिसी एकरकमी ठेव म्हणून विकली गेली, दहा वर्षांचे हप्ते सांगितले नाहीत, अर्जात उत्पन्न चुकीचं लिहिलं आहे, अटी मान्य नाहीत, फ्री-लुकमध्ये रद्द करावी. मूळ पॉलिसी, ओळखपत्र, रद्द केलेला चेक. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. त्याच दिवशी तेच पत्र तुमच्या ईमेलवरूनही पाठवा. मग फोन येतील. "काका, हप्ता दोन लाखांचा करून देतो", "काका, नुकसान होईल." काकांनी एवढंच म्हणायचं की अर्ज दिला आहे. पैसे आले नाहीत तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार, आणि तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपाल.

मुलीला सोबत न्या. दिवसभर स्ट्रिपवरची मुदत आणि बॅच नंबर वाचणारी मुलगी घरात असताना चार लाखांचा कागद तुम्ही तिला दाखवलाच नाहीत, हे मला पत्रात सगळ्यात जास्त खटकलं.

दुसरी तारीख कुणीच तुम्हाला सांगितलेली नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतर असते, पण ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यांना, व्हीआरएसवाल्यांनासुद्धा, निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्यात पैसे ठेवता येतात. तुमचे दोन महिने गेले. राहिले जेमतेम चार आठवडे, आणि ते हुकले तर साठीपर्यंत थांबा. सध्याचा दर ८.२ टक्के आहे, मर्यादा ३० लाखांची. बचत खात्यातले २० लाख लगेच ठेवा, पॉलिसीचे चार परत आले की त्यांचं दुसरं खातं उघडा. २४ लाखांवर वर्षाला १ लाख ९७ हजार, म्हणजे दर तिमाहीला ४९ हजार, महिन्याला साधारण साडेसोळा. पोस्टात होतं आणि सरकारी बँकेतही होतं. कारखान्याकडून व्हीआरएसचं आणि मिळालेल्या रकमेचं पत्र आत्ताच मागवून ठेवा, ते लागेल. कदाचित तुमच्याच शाखेत साहेबांच्या दोन टेबलं पलीकडे हा फॉर्म मिळत असेल. त्याच्यावर कुणाला टार्गेट नसतं, म्हणून कुणी तो उठून देत नाही.

खर्च ३०, येणार साडेसोळा. उरलेले साडेतेरा हजार मुलीच्या पगारातून भागवायचा विचार असेल तर तो सोडा. पेन्शनचा फॉर्म पीएफ ऑफिसात आत्ताच भरू नका. ५८ च्या आधी घेतली तर दर वर्षामागे चार टक्के कमी होते, कायमची. त्यापेक्षा अंबड-सातपूरला दोन वर्षं पंधरा हजारांचं हलकं काम बघा. तीस वर्षं शॉपफ्लोअरवर काढलेल्या माणसाला ते मिळतं. तीन लाखांची एफडी दवाखान्यासाठी आहे, म्हणूनच ती क्लासवाल्याला द्यायची नाही.

आता क्लास. महिना तीन लाखांचा आकडा फारसा खोटा नाही. तिथे टेक्निशियनला वर्षाला साधारण चाळीस हजार डॉलर मिळतात. पण तो पगार तिथे राहून काम करायचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याला मिळतो, आणि परीक्षेचं प्रमाणपत्र तो हक्क देत नाही. आपल्या मुलांना माहीत असलेला एच-१बी व्हिसा ज्या कामाला किमान पदवी लागते अशाच कामाला मिळतो. फार्मसी टेक्निशियनला पदवी लागत नाही. म्हणजे व्हिसा मार्गदर्शनात मार्गदर्शन करायला व्हिसाच नाही. स्थळाच्या आशेवर तयारी करून ठेवायची म्हणाल, तर नवरा एच-१बीवर असला तरी बायकोला कामाची परवानगी आपोआप मिळत नाही. त्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका टप्प्यापर्यंत मंजूर झालेलं असावं लागतं. आणि समजा मिळाली परवानगी, तर तिथल्या मोठ्या औषध दुकानांच्या साखळ्या नव्या टेक्निशियनला स्वतः शिकवतात आणि बऱ्याचदा परीक्षेची फीही भरतात. नाशिकमध्ये बसून १ लाख ९० हजार आधीच भरायची गरज कुठेच उरत नाही.

परीक्षेची फी किती, हे क्लासने सांगितलं का? ही परीक्षा घेणाऱ्या पीटीसीबी या अमेरिकी संस्थेची फी १२९ डॉलर, म्हणजे अकरा-बारा हजार. ९० प्रश्न, त्यातले गुणांना धरले जातात ८०, वेळ एक तास पन्नास मिनिटं. १००० ते १६०० च्या मोजपट्टीवर १४०० आले की पास. काय काय विचारतात त्याची यादी संस्थेच्या वेबसाइटवर फुकट आहे. बसायला मात्र त्यांच्या यादीतला अभ्यासक्रम किंवा टेक्निशियन म्हणून ५०० तासांचं काम लागतं. क्लासचं नाव त्या यादीत कुठे आहे, हे क्लासवाल्यांना लेखी विचारा. औषधांची नावं आणि डोसांची गणितं मुलीला येतातच. उरतो तो अमेरिकन कायदा: सर्दीच्या गोळ्यांतलं सुडोएफेड्रिन एका गिऱ्हाइकाला दिवसाला ३.६ ग्रॅमच्या वर देऊ नये, शेड्यूल टू मधली, म्हणजे कडक नियंत्रणातली, औषधं मागवायला फॉर्म २२२. गोळे कॉलनीत यातलं काय कामाला येणार? तिथे शेड्यूल एच-१ चं, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीच्या नोंदीचं, रजिस्टर लागतं आणि ते ती आजही लिहिते.

आणखी एक. टेक्निशियन हा फार्मासिस्टच्या हाताखालचा माणूस. गोळ्या मोजतो, प्रिस्क्रिप्शन संगणकावर चढवतो, फार्मासिस्ट तपासून देतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे तुमची मुलगी आपल्याकडे नोंदणीकृत फार्मासिस्टच आहे. तुम्ही दोन लाख देऊन तिला एक पायरी खाली उतरवायला निघालात.

पैसे तिच्यावर घालायचेच असतील तर डी.फार्मवरून बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पण तीन वर्षं पगार बुडेल, ते साधारण पावणेपाच लाख फीत मिळवून मग ठरवा. मला तरी आधी जिल्हा परिषद, रेल्वे आणि राज्य कर्मचारी विमा रुग्णालयांच्या फार्मासिस्ट भरत्या बघाव्यात असं वाटतं. डी.फार्म चालतं, नोकरी न सोडता अभ्यास होतो आणि पुस्तकांसकट खर्च दहा हजारांच्या वर जात नाही. दुकानात न बसता सर्टिफिकेट 'लावून' महिन्याला पाच हजार देणारा कुणी भेटलाच तर त्याला दारातूनच परत पाठवा. धाड पडली की नोंदणी तिची जाते, त्याची नाही. आणि तिला स्वतःला अमेरिकेला जायचं आहे का, हे तुमच्या दीड पानी पत्रात कुठेच नाही.

फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात की क्लासमध्ये दहा हजार 'सीट बुकिंग' म्हणून देऊन झालेत. पावती असेल तर लेखी परत मागा. ८ तारखेनंतर. आधी विमा कंपनीची शाखा.