शेतकऱ्यांचा पक्ष म्हणजे डावाच, असं असतं का?

नाही. डावे-उजवे हे शब्द आले 1789 च्या फ्रान्समधून. राजाला नकाराधिकार असावा म्हणणारे तिथल्या राष्ट्रीय सभेत अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, विरोधक डाव्या. पुढे अर्थ बदलत गेले. आज ढोबळमानाने बाजारात सरकार हवं, जुनी घडी मोडावी म्हणणारे डावे; बाजार मोकळा हवा, जुनी घडी राखावी म्हणणारे उजवे.

आपल्याकडचंच बघा. शेतकरी कामगार पक्षाने 1950 मध्ये दाभाडीच्या अधिवेशनात मार्क्सवाद स्वीकारला. लाल बावटा, जमिनीचं फेरवाटप, सरकारी खरेदी; सरळसरळ डावा. सांगोल्याचे गणपतराव देशमुख याच पक्षाकडून 11 वेळा आमदार झाले.

आता शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी. त्यांचीही माणसं कांदा-ऊस पिकवणारीच. पण ते म्हणत, निर्यातबंदी उठवा, बाजार मोकळा करा, सबसिडीही नको. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ हा संघटनेचा नारा तोच अर्थ सांगतो. आर्थिक बाबतीत हे उजवं. मात्र याच माणसाने लक्ष्मीमुक्ती चळवळीत शेतकऱ्यांना बायकोच्या नावे सातबारा करायला लावला! मला हे फार मोठं काम वाटतं, आणि ते उजव्या कप्प्यात बसत नाही.

म्हणून पक्षाला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: बाजारात सरकार किती हवं? आणि जात, धर्म, बाई-पुरुष यांबाबत जुनी घडी मोडायची की राखायची?