वाईट दिवस आला म्हणजे आजार परतला का?

प्रश्न: मी ३६ वर्षांची असून साताऱ्यात बँकेत नोकरी करते. नैराश्य आणि चिंताविकार यांवर आठ महिन्यांपासून उपचार सुरू आहेत आणि बराच फरक पडला आहे. तरीही एखाद्या सकाळी अंथरुणातून उठवत नाही, छातीत धडधडते, आणि आपण होतो तिथेच परत आलो या विचाराने मी दिवसभर स्वतःवरच चिडते. घरचे ‘मन घट्ट कर’ म्हणतात. अशा दिवशी गोळी वाढवावी का?

उत्तर: गोळी स्वतःहून वाढवू नका. नैराश्यावरील औषधांचा परिणाम जाणवायला साधारण २ ते ४ आठवडे आणि कधी त्याहून अधिक काळ लागतो, त्यामुळे त्या दिवशी घेतलेल्या जादा गोळीने तो दिवस सावरत नाही. वैतागून औषध एकाएकी थांबवणेही तितकेच चूक. त्याने चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असे त्रास होऊ शकतात.

तुमच्या त्या सकाळी दोन गोष्टी घडतात. जडपणा आणि धडधड हा आजाराचा भाग झाला. पण ‘आता तरी असे व्हायलाच नको होते’ हा आग्रह त्यावर चढतो आणि उरलेला दिवस तोच खाऊन टाकतो. माणूस आधी खचतो आणि मग आपण खचलो म्हणून आणखी खचतो, हे विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांनी आवर्जून मांडले होते. स्वीकार करायचा तो पहिल्या गोष्टीचा, म्हणजे दुसरीचा जोर आपोआप ओसरू लागतो.

हा स्वीकार म्हणजे दिवसभर पांघरूण ओढून पडणे नव्हे. ‘आज मला बरे वाटत नाही’ एवढेच घरी सांगावे, डब्याला पोळीभाजीऐवजी दहीभात न्यावा, आंघोळ, औषध आणि दहा मिनिटांचे चालणे मात्र चुकवू नये, आणि मोठे निर्णय त्या दिवशी घेऊ नयेत. उत्साह आल्यावर उठू म्हटले तर तो येत नाही. बहुधा उठल्यानंतरच थोडा येतो. घरच्यांची तळमळ खरी आहे, पण मन घट्ट करून हा आजार हटत असता तर तुम्ही तो केव्हाच हटवला असता, हे त्यांना माझ्या वतीने अवश्य वाचून दाखवा.

एखाददुसऱ्या वाईट दिवसावरून आजार उलटला असे आम्ही ठरवत नाही. उदासी किंवा कशातच रस न वाटणे सलग दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर मात्र डॉक्टरांना लगेच भेटा. जीव नकोसा वाटू लागला तर दोन आठवडे काय, दोन तासही थांबू नका: जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना गाठा, किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत असून चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतून बोलता येते.

वाईट दिवसांवर कॅलेंडरमध्ये खूण करत जा आणि पुढच्या भेटीला ते सोबत न्या. जागरण, मासिक पाळी किंवा बँकेतील वर्षअखेरीची धावपळ यांच्याशी त्यांचा काही मेळ बसतो का, हे डॉक्टरांना पाहता येईल.