लाकडी धनुष्यासाठी बाण कसे निवडायचे आणि पिसं घरी कशी लावायची?

तुम्ही लिहिलंय की ३५ पौंडांचं लाकडी धनुष्य घेतलंय, ओढ २७ इंच आहे, कुठले बाण घ्यावेत कळत नाही आणि पिसं स्वतःच लावायची आहेत. पिसं घरी नक्की लावता येतात, पण ते शेवटचं काम. नवखा माणूस पिसांवर तीन संध्याकाळी घालवतो आणि दांडा हाताला लागेल तो घेतो. चुकीच्या दांड्याला पिसं फक्त थोडंसं सांभाळून घेतात.

साध्या लाकडी धनुष्यात बाण मुठीच्या एका अंगाला टेकलेला असतो आणि दोरी मधोमध पुढे येते. त्यामुळे सुटताक्षणी बाण किंचित वाकतो, मुठीला वळसा घालतो, उलटा वाकतो आणि मग सरळ होत जातो. दांडा फार ताठ असला तर वळसा न घालता मुठीवर घासत एका बाजूला जातो, फार लवचीक असला तर दुसऱ्या बाजूला. या ताठपणाला स्पाइन म्हणतात.

धनुष्यावर लिहिलेले पौंड, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, २८ इंच ओढीचे असतात. इंचामागे दोन-तीन पौंड फरक पडतो, म्हणजे तुमच्या बोटांवर साधारण ३२-३३ पौंडच येतात. दांडा २८½ इंच ठेवा (नॉक म्हणजे दोरी अडकवायची मागची टोपी, पॉइंट म्हणजे पुढचं धातूचं टोक; नॉकच्या खाचेच्या तळापासून पॉइंटच्या मागच्या कडेपर्यंत मोजा), पॉइंट १०० ग्रेनचा (साधारण साडेसहा ग्रॅम) घ्या आणि स्पाइन ३०-३५ पौंडांचा मागा. दुकानदार ‘३५ चं धनुष्य, मग ४० चा बाण’ म्हणाला तर ऐकू नका. मूठ मध्यापर्यंत खाचलेली नसेल तर उलट थोडा मऊच बरा.

दुकानदाराच्या शिक्क्यावर विसंबायचं नसेल तर घरीच मोजा. दोन खिळे २६ इंच अंतरावर ठोका, दांडा त्यांवर आडवा टेकवा आणि बरोबर मध्ये ९०७ ग्रॅम (२ पौंड) वजन टांगा. पाण्याची बाटली, झाकण आणि दोरीसकट वजनकाट्यावर ९०७ भरेपर्यंत पाणी घालायचं. दांडा किती मिलिमीटर झुकला ते बघून ६६० ला त्या आकड्याने भागा. २२ मिमी झुकला तर ३० पौंड, १९ मिमी झुकला तर जवळपास ३५. कार्बन दांड्यांचे आकडे वेगळ्या पद्धतीचे असतात आणि उलटे चालतात, ६०० हा ५०० पेक्षा मऊ. शिवाय कार्बन हलका पडतो. लाकडी धनुष्याला पौंडामागे ८ ते १० ग्रेन वजनाचा बाण हवा. तुमच्यासाठी तयार बाण २१ ग्रॅमच्या आसपास, १७ च्या खाली तर नकोच. फार हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडणं, त्यात धनुष्याची पाती, म्हणजे वाकणारे दोन हात, तडकतात.

दांडे ११/३२ इंच जाडीचे घ्या. डोळ्यासमोर धरून फिरवा, लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत धावायला हव्यात. मध्येच तिरक्या बाहेर पडत असतील तर तो दांडा बाजूला, तिथूनच तो फुटतो. नॉक चिकटवताना मागच्या टोकावरचे वाढीचे पट्टे बघा आणि खाच त्यांना काटकोनात ठेवा. पट्ट्यांच्या दिशेने ठेवली तर दोरी पाचरीसारखी दांडा उभा चिरते. बाण दोरीवर अडकवून खाली लोंबू द्या. दोरीला टिचकी मारली की पडला पाहिजे. टिचकीशिवाय पडला तर नॉक ढिला, टिचकीनेही नाही पडला तर घट्ट.

आता पिसं न लावता एक-दोन दांडे ८-१० मीटरवरून मऊ लक्ष्यावर मारून बघा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा उघडा दांडा नेमाच्या डावीकडे लागला तर ताठ, उजवीकडे लागला तर मऊ. ताठ असेल तर जड पॉइंट लावा, मऊ असेल तर पाव-पाव इंच कापत जा. एका बाणावरून निर्णय घेऊ नका. नवख्याची सुटकाच दर वेळी वेगळी असते, पाच-सहा मारल्यावर जे दिसेल ते खरं.

पिसं टर्कीची, तयार कापलेली, ५ इंची घ्या. ४ इंची चालतात, पण मोठं पीस सुरुवातीच्या चुका जास्त झाकतं. प्लास्टिकच्या वेन, म्हणजे कृत्रिम पिसं, नकोत, त्या मुठीवर आपटून बाण उडवतात. पीस दबून निघून जातं. एका बाणावर तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डावा की उजवा याने फरक पडत नाही, मिसळले तर पडतो. घार-गिधाडांची किंवा रानात सापडलेली पिसं वापरू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची भानगड मागे लागेल.

दांड्याला लॅकरचे दोन हात देऊन पूर्ण सुकवा, पिसांच्या जागी ३२० च्या पॉलिश पेपरने हलकं घासा, स्पिरिटने पुसा. तेलकट बोट लागलं तर पीस दोन आठवड्यांत सुटतं. जिग (पिसं जागेवर धरणारा साचा) नसेल तर कागदाची पट्टी दांड्याभोवती गुंडाळा. ११/३२ चा घेर २७.४ मिमी येतो, म्हणजे दर ९.१ मिमीवर एक रेघ. पहिली रेघ खाचेला काटकोनात. ते वेगळ्या रंगाचं पीस, मुठीच्या विरुद्ध बाजूला राहील. पिसाचं मागचं टोक खाचेच्या तळापासून इंचभर पुढे, नाहीतर बोटं घासतात. पुढचं टोक रेघेपासून दीड-दोन मिमी सरकवून लावा, तिन्ही एकाच दिशेने आणि पिसाच्या नैसर्गिक वळणाकडे, म्हणजे बाण फिरतो. गोंदाची रेघ केसासारखी बारीक हवी. फ्लेचिंग सिमेंट (पिसांचा खास गोंद) घेतलंत तर १५ मिनिटं दाबून ठेवा. फेविक्विक झटपट धरतं, पण ठिसूळ असतं आणि पीस वाकडं बसलं तर हलवायची संधी मिळत नाही.

पुढच्या टोकाशी पिसाचा देठ कधीही उघडा सोडू नका. बाण मुठीवरून जाताना तो देठ सुईसारखा बोटात घुसतो. देठ घासून निमुळता करा, वर गोंदाचा थेंब आणि दोऱ्याचे सात-आठ घट्ट वेढे. लाकडी बाण दर वेळी मारण्याआधी दोन्ही हातांत धरून थोडा वाकवा, कानाशी धरा. ‘टिक’ ऐकू आलं की तो बाण जागच्या जागी मोडून टाका, ठेवलात तर कोणीतरी मारतोच.

बाणांच्या डब्यात डांबराची गोळी टाका, कसर पिसं कुरतडते. कोकणात असाल तर पावसाळ्यात पिसं ओली होऊन चिकटतात. फेकू नका, चहाच्या भांड्यातल्या वाफेवर अर्धा मिनिट बाण फिरवत धरा, पुन्हा उभी राहतात.