विचारा बिनधास्त : लढाऊ विमान घेऊन पायलट पळतो तेव्हा

प्रश्न : माझे वडील ओझरला एचएएलमध्ये (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) होते, मिग-२१ तिथंच बनायची, त्यामुळे घरात विमानांच्या गप्पा लहानपणापासून. परवा कुणीतरी सांगितलं की लिबियातल्या उठावात दोन पायलट फायटर घेऊन थेट माल्टाला गेले. हे खरं आहे का? आणि जमत असेल तर मग सगळेच का नाही गेले?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे हो, अगदी शंभर टक्के. तारीख २१ फेब्रुवारी २०११. लिबियातल्या बेनगाझी शहरात हुकूमशहा गद्दाफीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरून जेमतेम आठवडा झाला होता आणि दुपारी माल्टा या भूमध्य समुद्रातल्या छोट्या देशाच्या विमानतळावर दोन लिबियन मिराज एफ-१ (फ्रेंच बनावटीची लढाऊ विमानं) येऊन उतरली, ना बोलावणं ना परवानगी. दोघंही पायलट कर्नल हुद्द्याचे. त्यांनी सांगितलं की आम्हाला बेनगाझीतल्या निदर्शकांवर बॉम्ब टाकायची ऑर्डर होती, आम्हाला ते करायचं नव्हतं, आता आश्रय द्या.

आता "सगळेच का नाही" याकडे येतो, कारण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) तिथंच आहे. नकाशा काढून बघा, लिबियाची राजधानी ट्रिपोलीपासून माल्टा साधारण साडेतीनशे किलोमीटर, मध्ये नुसता समुद्र, फायटरला अर्धा तास पुरतो. पण रडारवर दिसू नये म्हणून खालून उडायचं, आणि जेट इंजिन खाली उडताना इंधन भसाभस पितं, म्हणजे टाकीत किती आहे यावर सगळा खेळ. तुमच्याबरोबर दुसरं विमान असेल तर त्यातला माणूस तुमचा की सरकारचा, हेही आधीच माहीत पाहिजे, हवेत गेल्यावर विचारायची सोय नाही. बरं समोरच्या देशाला तर तुम्ही हल्ला करायला आलाय की शरण यायला हे कळणार कसं? म्हणून चाकं खाली सोडायची, पंख हलवायचे, रेडिओवर ओरडायचं, आणि तरीही वर कुणी घाबरट बसला असेल तर संपलं.

मिराज एफ-१ एका सीटचं, त्यामुळे निर्णय एकट्याचा. दोन सीटचं असेल तर? लिबियातच २३ फेब्रुवारीला एक सुखोई-२२ (रशियन बनावटीचं लढाऊ विमान) अजदाबिया गावाजवळ पडलं. तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे बेनगाझीवर बॉम्ब टाकायला नको म्हणून दोघंही पॅराशूटने उतरले आणि विमान वाळवंटात गेलं, शिवाय त्यातला एक जण गद्दाफीच्याच जमातीतला होता! म्हणजे नातं-गोतंही धरून ठेवत नाही कधीकधी.

पण सगळ्यात मोठं कारण सांगू का, घर. बायकामुलं, आईवडील मागंच राहतात. पायलट अर्ध्या तासात बॉर्डरपार, आणि त्याच संध्याकाळी दारात कोण येईल याचा विचार त्याला कॉकपिटमध्ये बसायच्या आधी करावा लागतो. मला विचाराल तर विमान पळवण्यातला अवघड भाग उड्डाणाच्या आधीच होऊन जातो.

सिरियाचंच घ्या ना. मार्च २०११ ला तिथं उठाव सुरू झाला आणि विमानासकट पहिला पायलट बाहेर पडायला २१ जून २०१२ उजाडला, पंधरा महिने! कर्नल हसन हमादे, ट्रेनिंगच्या उड्डाणावर निघाले ते मिग-२१ घेऊन जॉर्डनच्या मफ्रकच्या तळावर उतरले (हो, तुमच्या ओझरवालीच मिग, म्हणजे त्याच जातीची). जॉर्डनने त्याच दिवशी आश्रय दिला, सिरियाने गद्दार म्हटलं आणि विमान परत मागितलं.

प्रश्न : पण विमान तर सरकारी मालमत्ता ना, मग ही चोरी नाही का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : माणूस आणि विमान हे दोन वेगळे हिशोब आहेत. राजकीय कारणाने पळून आलेल्याला सहसा परत पाठवत नाहीत, विमान मात्र ज्या देशाचं त्याला द्यावं लागतं, फक्त कधी द्यायचं ते यजमान ठरवतो. १९७६ ला एक रशियन पायलट मिग-२५ घेऊन जपानला हाकोदातेला उतरला, तो अमेरिकेला गेला, आणि विमान खोलून तपासून झाल्यावर जपानने ते पेट्यांत भरून परत पाठवलं. पुढं भाड्यावरून दोन्हीकडं घासाघीस चालली ती वेगळीच. माल्टाने मिराजच्या बाबतीत दुसराच मार्ग घेतला, गद्दाफीने विमानं मागितली तरी पंतप्रधान लॉरेन्स गॉन्झी यांनी दिली नाहीत. छोटा देश, लिबियाच्या अगदी दारात, तरीही नाही म्हटले, हे मला तरी मोठं वाटतं. विमानं तिथंच उभी राहिली, ऑक्टोबर २०११ ला गद्दाफी मारला गेला, आणि मग फेब्रुवारी २०१२ मध्ये माल्टाने ती लिबियाच्या नव्या सरकारकडं सोपवली.