मालकाचं नाव विचारायचं नाही, असं काम मुलीला चालेल का?

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करता, मुलगी बारावी सायन्सला आहे आणि तिला सुपरयॉट, म्हणजे अब्जाधीशांच्या खासगी नौका, बांधायच्या आहेत. तुमचे प्रश्न दोन. यात पोटापाण्याचं काही आहे का? आणि जिथे मालक कोण हेसुद्धा कुणी सांगत नाही, तिथे पोरीला पाठवायचं का? ‘एवढं लपवायचं काय असतं?’ असं तुम्ही लिहिलंय. मेहुण्यांनी टिंगल केली हेही लिहिलंय. मेहुण्यांना तूर्त बाजूला ठेवू.

आधी दुसरा प्रश्न घेते, कारण तुमची झोप त्यानं उडालेली दिसते.

माझा एक जुना विद्यार्थी युरोपात अशा नौका बांधणाऱ्या एका यार्डात आहे. दिवाळीत भेटायला आला तेव्हा त्याच्या मोबाईलच्या कॅमेऱ्याभोवती डिंकाचा मळकट डाग दिसला. यार्डात शिरताना रोज कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, संध्याकाळी काढतात, त्याचा तो डाग. मी विचारलं, ‘‘सध्या कुणाची नौका बांधताय?’’ तर म्हणाला, ‘‘मॅडम, मलाही माहीत नाही. आमच्याकडे नुसता नंबर असतो.’’ हे खरंच तसं असतं. जेफ बेझोस यांची १२७ मीटरची ‘कोरू’ नेदरलँड्समधल्या ओशनको यार्डात ‘वाय ७२१’ म्हणून ओळखली जायची.

यात काळंबेरं असतंच असं नाही. बंगला बांधणारा गवंडी तिजोरी कुठल्या भिंतीत आहे हे गावभर सांगत सुटत नाही, त्यातलाच हा प्रकार. आणि झाकलं तरी किती झाकणार? २०२२ साली ‘कोरू’चे उंच डोलखांब न काढता ती बाहेर नेता यावी म्हणून रॉटरडॅमचा ‘डे हेफ’ हा जुना लोखंडी पूल तात्पुरता उतरवण्याची गोष्ट निघाली. लोक इतके चिडले की नौकेवर सडकी अंडी फेकण्याचे बेत ठरले. शेवटी डोलखांब न बसवताच दुसऱ्या मार्गानं ती रात्री ओढत नेली. शिवाय आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजाला एआयएस, म्हणजे स्वतःची जागा सतत कळवणारी यंत्रणा, लावावी लागते, त्यामुळे ते कुठे आहे हे कुणालाही फोनवर दिसतं. तेव्हा लपतो तो मालक, नौका नाही. त्याच वर्षी रशियन धनाढ्यांवरच्या युरोपीय निर्बंधांनंतर १५६ मीटरची ‘दिलबार’ हॅम्बुर्गमध्ये डागडुजीला असतानाच अडकली. पैसा कुणाचा, हा प्रश्न या धंद्याला चिकटलेला आहेच. तो मुलीला पडला तर पडू द्या.

गुप्ततेचा खरा तोटा वेगळाच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. चार वर्षं राबलेलं काम पुढच्या मुलाखतीत दाखवता येत नाही! ड्रॉइंग नाही, फोटो नाही. म्हणून कॉलेजातले प्रोजेक्ट, स्पर्धेसाठी केलेली बोट, स्वतः मांडलेली गणितं हे सगळं तिनं पहिल्या वर्षापासून नीट जपून ठेवावं.

आता यंत्राकडे वळते. इथे तुम्हीच माझ्यापेक्षा जाणकार. पंख्याची (प्रोपेलरची) एक पात जरा वाकली की ट्रॉलर कसा थरथरतो, हे तुमच्या तळपायाला कळतं. सुपरयॉटवर निम्मी लढाई याच थरथरीशी असते, कारण वरच्या खोलीत झोपलेल्या माणसानं त्यासाठीच पैसे मोजलेले असतात. फेडशिप या डच कंपनीच्या ८३.५ मीटरच्या ‘सवाना’वर (२०१५) एकच मुख्य डिझेल इंजिन आहे. सोबत जनरेटर आणि बॅटऱ्या, आणि मुख्य पंख्याच्या मागे विजेवर फिरणारा दुसरा पंखा. गरजेप्रमाणे डिझेलवर चला, विजेवर चला, नाहीतर दोन्ही जोडून.

त्याहून पुढची २०२४ साली पाण्यात उतरलेली ‘ब्रेकथ्रू’. लांबी जवळपास ११९ मीटर. यार्डातलं नाव ‘प्रोजेक्ट ८२१’. तिच्या पोटात उणे २५३ अंशांवर द्रवरूप हायड्रोजन ठेवलाय आणि फ्युएल सेलमधून त्याची वीज होते. पण त्या विजेवर ती महासागर ओलांडत नाही. अशा नौका बराचसा काळ नांगर टाकून उभ्या असतात आणि तेव्हा एसी, दिवे, स्वयंपाकघर चालूच असतं. तो भार हायड्रोजननं उचलायचा आणि बंदरातून हळू बाहेर पडायचं, एवढं त्याचं काम. हायड्रोजनला डिझेलच्या कितीतरी पट जागा लागते, म्हणून लांबचा पल्ला त्यावर परवडत नाही. टाकी कुठे बसवायची, गळती झाली तर वायू कुठून बाहेर काढायचा, याचे तयार नियम नौकांसाठी नव्हतेच. जहाजांची सुरक्षितता तपासणाऱ्या लॉइड्स रजिस्टरसारख्या संस्थेबरोबर बसून ते ठरवावे लागले. तुमच्या मुलीला काम मिळेल ते इथे. हेच ज्ञान उद्या फेरीबोटीला, टगला, मालवाहू जहाजालाही लागणार आहे. म्हणून मी ‘यॉट करिअर’ म्हणत नाही, प्रॉपल्शन म्हणते, म्हणजे जहाज पुढे ढकलणारी यंत्रणा.

रस्ता सांगते. मरीन इंजिनिअरिंग आणि नेव्हल आर्किटेक्चर यांची गल्लत करू नका. पहिल्यात जहाजावर जाऊन इंजिन चालवतात, दुसऱ्यात जहाज आखतात. तिला दुसरं हवंय. त्यासाठी खरगपूर आणि मद्रास आयआयटी (जेईई अॅडव्हान्स्ड), कोचीन विद्यापीठ (त्यांची कॅट परीक्षा) आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचा विशाखापट्टणम कॅम्पस (आयएमयू-सीईटी). यातलं काही जमलं नाही तर महाराष्ट्राच्या सीईटीतून मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल घ्या, आणि मग नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला किंवा इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला मास्टर्स. वीज सांभाळणारे इंजिनिअर या धंद्याला आता फार लागतात. युरोपबाहेरच्या मुलांना तिथे फी बरीच जास्त पडते, म्हणून आधी इथल्या एखाद्या यार्डात दोन-तीन वर्षं नोकरी केलेली बरी. ‘सहा महिन्यांत यॉट डिझायनर’ म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा.

गोवा तर तुमच्या शेजारीच. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली, आराखडा डच कंपनीचा आणि हात गोव्याचे. त्याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच यार्डातल्या ‘तारिणी’तून पुढे नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. बारावीची परीक्षा झाली की गोव्यातल्या एखाद्या यार्डाला मुलीनं स्वतः पत्र लिहून आठ दिवस काम बघायची परवानगी मागावी.

एक काम मात्र आजपासूनच. तुमच्याकडे पुढचा ट्रॉलर वर ओढला की इंजिनापासून पंख्यापर्यंतची शाफ्ट तिला मोजू द्या आणि मापांसकट चित्र काढायला सांगा. चित्र मला पाठवा. गणितात तिला ६८ मिळालेत ते मी वाचलंय; चित्र पाहिल्यावर त्यावर बोलू.